तुमच्या कादंबरीचा जॉनर कसा ठरवाल?

"कादंबरी कशावर आहे?" असं विचारलं की लेखक दहा मिनिटं बोलतो. "कुठल्या प्रकारची आहे?" असं विचारलं की अडखळतो. "तशी सामाजिक आहे, पण रहस्यही आहे, थोडा इतिहास येतो, प्रेमाचा एक धागाही आहे…" हे उत्तर मी स्वतः एकदा एका संपादकांना दिलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुमचं अजून ठरायचंय." राग आला, पण त्यांचं खरं होतं.

कादंबरीत काय काय आहे याची यादी म्हणजे जॉनर, म्हणजे कादंबरीचा प्रकार, नव्हे. जॉनर म्हणजे पहिल्या काही पानांत तुम्ही वाचकाला दिलेला शब्द. तो शेवटच्या पानांत पाळला जातो किंवा मोडला जातो. म्हणून आपल्या कादंबरीचा जॉनर शोधायचा तर आतलं सामानसुमान मोजत बसू नका, शेवट बघा. पुढच्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १ : आधी खर्डा पुरा करा

लिहायला बसण्याआधी जॉनर ठरवलेला असला तर उत्तम, पण पहिल्या खर्ड्यात तो हमखास सरकतो. रहस्यकथा म्हणून सुरू केलेली गोष्ट दोनशे पानांनंतर बापलेकींची होऊन बसते. त्यामुळे मनात काय होतं ते बाजूला ठेवा आणि कागदावर काय उतरलंय ते बघा. अर्ध्या हस्तलिखितावर केलेलं वर्गीकरण बहुतेक वेळा पुन्हा करावं लागतं.

पायरी २ : शेवटाकडून मागे या

ज्या प्रकरणात ताण सगळ्यात जास्त आहे ते उघडा. त्यात कुठल्या प्रश्नाचा निकाल लागतो? तो प्रश्न एका वाक्यात लिहा. वाक्यात "आणि" आलं तर खोडा, पुन्हा लिहा.

माझ्याच एका रखडलेल्या हस्तलिखिताचं उदाहरण घेतो. एक धरण आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या पाण्याखाली एक गाव गेलं. दुष्काळात पाणी आटतं, गावाच्या भिंती वर येतात आणि एका पडक्या घराच्या विहिरीत सांगाडा सापडतो. धरणावर नुकतीच रुजू झालेली इंजिनियर तिथे पोचते. बीज एवढंच. आता प्रश्न बदलून बघा.

हा माणूस कोण आणि त्याला कुणी मारलं? शेवटी एक नाव कळतं. ही रहस्यकथा.

मारणारा अजून जिवंत आहे, सांगाडा सापडल्याचं त्याच्या कानावर गेलंय आणि आठ दिवसांत पाऊस आला की पुरावा पुन्हा पाण्याखाली जाणार. इंजिनियर तोवर तग धरेल का? हा थ्रिलर. इथे खुन्याचं नाव वाचकाला दहाव्या पानावर कळलं तरी काही बिघडत नाही.

सांगाडा तपासणीसाठी हलवला, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीत पुन्हा तोच सांगाडा. ही भयकथा.

बुडालेल्या गावाचा नकाशा आठवणीतून काढणारा एक माणूस रोज काठावर येतो. तो आणि इंजिनियर एकमेकांचे होतील का? प्रेमकथा. इथे सांगाडा हे भेटीचं निमित्त.

आणि शेवटची शक्यता : सांगाडा कुणाचा ते कधीच कळत नाही. विस्थापित झालेली माणसं एकेक करून येतात आणि प्रत्येक जण म्हणतो, "हा आमचा." इथे निकाल लागतच नाही, प्रश्नच मोठा होत जातो. याला कोणी सामाजिक म्हणेल, कोणी साहित्यिक. त्या शब्दांकडे पुढे येतोच.

धरण तेच, विहीर तीच, सांगाडाही तोच. तरी पहिलं वाक्यसुद्धा बदलतं. रहस्यकथेत मी लिहीन : "विहिरीतल्या माणसाने घड्याळ उजव्या मनगटावर बांधलं होतं." वाचकाच्या हातात धागा दिला. थ्रिलरमध्ये : "सांगाड्याची बातमी आली तेव्हा तो दाढी करत होता; त्याने ती पुरी केली, तोंड पुसलं आणि मग फोन उचलला." भयकथेत : "विहीर कोरडी होती, तरी रात्री तिच्यात बादली पडल्याचा आवाज आला." तुमचं पहिलं पान यातल्या कुणाच्या चालीवर चालतं ते आत्ताच बघून ठेवा, पुढे कामाला येईल.

पायरी ३ : काळ, ठिकाण, वय आणि सूर वेगळे काढा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. "माझी कादंबरी किशोरांसाठी आहे" हा वाचकाचा वयोगट झाला. "पत्ररूप आहे" हा घाट झाला. "विनोदी आहे" हा सूर. "महानगरात घडते" हे ठिकाण. यातलं काहीही एकट्याने जॉनर ठरवत नाही. किशोरांसाठी भयकथा असते, पत्रांतून लिहिलेली रहस्यकथाही असते.

पुस्तकव्यवसायाला हे कळलंय. 2013 साली आलेली थीमा ही आंतरराष्ट्रीय वर्गीकरण पद्धत नेमकी अशी बेतलेली आहे. ललित लेखनाचे विषयसंकेत एका बाजूला, आणि ठिकाण, भाषा, कालखंड, वयोगट यांचे संकेत वेगळे, मुख्य संकेताला जोडायचे. कागदावर तुम्हीही तसंच करा. मधोमध पायरी दोनमधला प्रश्न, आणि भोवती काळ, ठिकाण, वय, सूर, घाट.

इतिहास मात्र दोन्हीकडे बसतो, म्हणून त्रास देतो. वॉल्टर स्कॉटने 1814 साली आपल्या पहिल्या ऐतिहासिक कादंबरीच्या उपशीर्षकातच "साठ वर्षांपूर्वी" असं सांगून टाकलं, आणि आजही पन्नास-साठ वर्षांचं अंतर हा ऐतिहासिक म्हणवण्याचा ढोबळ निकष धरला जातो. मी आकड्यापेक्षा दुसरी कसोटी वापरतो. तीच गोष्ट आजच्या काळात आणून ठेवली तर मोडते का? मोडत असेल तर कादंबरी ऐतिहासिक. नुसते कपडे आणि वाहनं बदलून भागत असेल तर इतिहास हा पडदा आहे, मागे टांगलेला.

पायरी ४ : त्या प्रकाराच्या अटी पुऱ्या होतात का, तपासा

प्रश्न सापडला म्हणजे काम झालं नाही. प्रत्येक प्रकाराचे वाचक काही अटी धरून बसलेले असतात. त्या कुणी छापून हातात देत नाही, मोडल्या की मात्र लगेच ऐकू येतं.

प्रेमकथेची अट सगळ्यात कडक. अमेरिकेतल्या रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संघटनेच्या व्याख्येत दोनच गोष्टी आहेत : प्रेम मध्यवर्ती हवं, आणि शेवट भावनिकदृष्ट्या समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. नायिका शेवटच्या पानावर एकटीच गाडीत बसून निघून जात असेल तर ती सुंदर कादंबरी असू शकते, पण तिला "प्रेमकथा" म्हणून पुढे केलंत तर वाचक तुमच्यावर चिडतील. आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

रहस्यकथेत अट प्रामाणिकपणाची. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 साली गुप्तहेरकथेचे दहा नियम मांडले. गंमत म्हणजे हे गृहस्थ ख्रिस्ती धर्मोपदेशकही होते, त्यामुळे बायबलमधल्या दहा आज्ञांसारखे नियमही दहाच का, ते कळतंच. त्यातले दोन आजही कामाचे आहेत. गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात भेटलेला असला पाहिजे, आणि शोध घेणाऱ्याच्या हाती लागलेला धागा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. तुमचा खुनी शेवटून दुसऱ्या प्रकरणात पहिल्यांदा दार उघडून आत येत असेल, तर कादंबरी तरी दुरुस्त करा, नाहीतर लेबल बदला.

रहस्य आणि थ्रिलर यांत गल्लत होते तेव्हा चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा बॉम्ब आठवावा. टेबलाभोवती माणसं बोलत बसली आहेत आणि खाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला ठाऊक नसताना तो फुटला तर काही सेकंदांचा धक्का. आधीपासून ठाऊक असेल तर त्या साध्या गप्पांचं एकेक मिनिट जीव टांगणीला लावतं. थ्रिलरचा वाचक पात्रांपेक्षा थोडा पुढे असू शकतो. रहस्यकथेचा वाचक शोध घेणाऱ्याच्या बरोबरीने चालतो. आपल्या हस्तलिखितातली दहा पानं उघडून बघा, वाचकाला जास्त माहीत आहे की पात्राला?

विज्ञानकथा आणि फँटसी यांची सीमा पुसट आहे, पण सोपी कसोटी अशी की अशक्य गोष्टीला तुम्ही निसर्गनियमांच्या भाषेत कारण देता का. देत असाल तर विज्ञानकथा. जादूलाही नियम असतात, पण ते तुम्ही बनवलेले.

पायरी ५ : दोन प्रकार भांडत असतील तर एक काढून बघा

बहुतेक चांगल्या कादंबऱ्यांत दोन प्रकार असतात. त्यात गैर काही नाही. फक्त घर कुणाचं आणि पाहुणा कोण एवढं ठरायला हवं. त्यासाठी प्रेमाचा धागा कागदावर सरळ कापून टाका. कुठली प्रकरणं गळतात? उरलेलं उभं राहतं का? मग उलट करा, रहस्य काढा आणि प्रेम ठेवा. जे काढल्यावर इमारत कोसळते ते घर.

मराठीत हे नावातच उतरवता येतं. "ऐतिहासिक रहस्यकथा" म्हटलं की नाम रहस्यकथा, इतिहास तिचं विशेषण. विशेषण एकच घ्या. "कौटुंबिक-ऐतिहासिक-भयप्रेमकथा" असं लिहिणारा लेखक मनातून अजून पायरी दोनवरच आहे.

पायरी ६ : "सामाजिक" हा शब्द जपून वापरा

कुठेच न बसणारी कादंबरी आपण "सामाजिक"मध्ये टाकतो. माणसं आहेत म्हणजे समाज आला, या हिशेबाने सगळंच सामाजिक. हा शब्द तेव्हाच लावावा जेव्हा एखादी व्यवस्था, प्रथा किंवा स्थित्यंतर हेच गोष्टीतलं मुख्य बळ असतं आणि पात्रं त्याच्याशी झगडत असतात. धरणाच्या शेवटच्या शक्यतेत ते आहे. नुसता घरगुती संघर्ष असेल तर "कौटुंबिक" म्हणा, त्यात कमीपणा नाही. "साहित्यिक कादंबरी" हे आणखी अवघड लेबल. त्याचा वापर दर्जाचं प्रशस्तिपत्र म्हणून होतो. खरं तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की ओढ पुढे काय होतं याची कमी आणि कसं सांगितलंय, आत काय चाललंय याची जास्त आहे.

नावांनी फार दबून जाऊ नये, कारण ती कुठून कुठून आलेली असतात. "जादुई वास्तववाद" ही संज्ञा 1925 साली फ्रान्त्स रोह या जर्मन समीक्षकाने चित्रांसाठी वापरली होती, कादंबऱ्यांकडे ती नंतर वळली. आणि आपला "कादंबरी" हा शब्दच बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत गद्यकथेच्या नायिकेचं नाव आहे. ती कथा बाणाच्या हातून अपुरी राहिली, मुलाने पुरी केली. एका नायिकेच्या नावाखाली आज आपण सगळा साहित्यप्रकार चालवतो.

पायरी ७ : शेजार शोधा, मग रकाने भरा

दुकानात किंवा ऑनलाइन यादीत तुमचं पुस्तक कुठल्या तीन पुस्तकांच्या शेजारी शोभेल? शक्यतो अलीकडची निवडा आणि अभिजात ग्रंथांच्या मांडीला मांडी लावून बसण्याचा मोह टाळा. तीनही नीट वाचा. मलपृष्ठावर कुठले शब्द आहेत, पहिलं प्रेत किंवा पहिली भेट कितव्या पानावर येते, जाडी किती, हे टिपून घ्या. मुखपृष्ठही बघा. इटलीत 1929 साली एका प्रकाशनाने रहस्यकथांची माला पिवळ्या मुखपृष्ठांत काढली आणि तिथे "जाल्लो", म्हणजे पिवळा, हेच त्या प्रकाराचं नाव होऊन बसलं. वाचक प्रकार आधी डोळ्यांनी ओळखतो.

मग औपचारिक काम. प्रकाशकाला पाठवताना सोबतच्या पत्रात प्रकार, विशेषण आणि शब्दसंख्या एकाच वाक्यात द्या. स्वतः ई-पुस्तक काढत असाल तर अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशन सेवेवर तीन वर्ग आणि सात कीवर्डचे रकाने मिळतात. पायरी दोनमधलं उत्तर वर्गात जातं. पायरी तीनमध्ये भोवती लिहिलेला काळ, ठिकाण, सूर कीवर्डमध्ये. वर्ग जितका नेमका तितका बरा. नुसतं "ललित" निवडणं म्हणजे पत्ता म्हणून शहराचं नाव लिहिण्यासारखं आहे.

पायरी ८ : पहिली दोन पानं अनोळखी डोळ्यांना दाखवा

ज्याला गोष्ट माहीत नाही अशा कुणाला तरी फक्त पहिली दोन पानं द्या. "आवडलं का?" विचारू नका. "पुढे कशाबद्दल असेल?" एवढंच विचारा. उत्तर तुमच्या प्रश्नाशी जुळलं तर ठीक.

धरणाच्या कादंबरीची ही परीक्षा मी एका मैत्रिणीकडे घेतली. तोवर मी ती रहस्यकथा म्हणून पक्की केली होती. दोन पानं वाचून ती म्हणाली, "ही इंजिनियर आणि तिच्या आईची गोष्ट असणार." आई पुढच्या तीनशे पानांत कुठेच येत नव्हती. मी ती दोन पानं काढून टाकली. आता कादंबरी उजव्या मनगटावरच्या घड्याळापासून सुरू होते.