मगवरची छपाई एकीकडे गडद, एकीकडे फिकी? या चुका टाळा

ही सब्लिमेशन छपाई: खास शाईने कागदावर छापायचं, तो कागद मगवर गुंडाळायचा आणि मगभोवती हीटर आवळणाऱ्या यंत्रात दाबून शाई मगवर उतरवायची. छपाईचा एखादा पट्टा फिका आला की बहुतेक जण आधी तापमान वाढवतात. सगळ्यात मोठी चूक हीच. फिका भाग जेमतेम सुधारतो आणि चांगला आलेला भाग करपतो. काळा रंग तपकिरी पडतो, अक्षरांच्या कडा फुटतात.

दोष कुठे आहे ते आधी शोधा. 200 बाय 90 मिमीची एकसारखी गडद राखाडी पट्टी छापा, 11 औंसाच्या मगवर लावून दाबा. तशीच पट्टी दुसऱ्या मगवर लावा, पण या वेळी मगचं तोंड यंत्रात उलट्या बाजूला ठेवा. फिका डाग यंत्राच्या त्याच जागी आला तर हीटर खराब आहे. तोंडाबरोबर डागही दुसऱ्या बाजूला गेला तर मगचा आकार सरळ नाही. दुसऱ्या मगवर डागच नसेल तर पहिल्याचं कोटिंग (शाई धरणारा थर) सदोष होतं.

आकार तपासायला स्टीलची पट्टी मगवर उभी टेकवून उजेडात धरा. फटीतून प्रकाश दिसतो तिथे हीटर नीट टेकत नाही. तो लॉट परतच करावा, कारण दाब वाढवून भागत नाही आणि हीटर मात्र लवकर जातो. दाबाचा अंदाज सोपा आहे: लिव्हर लावताना थोडा जोर लागावा आणि आतला मग हाताने फिरू नये.

हीटरची ऊब कडांना आणि कानाजवळ कमीच असते. महत्त्वाचा मजकूर वरच्या-खालच्या काठापासून 5-6 मिमी आणि कानापासून किमान 10 मिमी आत घ्या.

डिस्प्लेवरचा आकडा हीटरचा असतो, मगचा नव्हे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गारठलेला मग आत गेला की तापमान खाली येतं. पहिले दोन मग फिके आणि तिसरा छान, हे त्याचं लक्षण. आधी एक टाकाऊ मग घालून यंत्र तापवा (रिकामं तापत ठेवलं तर हीटर जळतो) आणि तापमान पुन्हा जागेवर आल्यावरच वेळ मोजा.

पावसाळ्यात त्रास वेगळा. कागदाने धरलेल्या ओलाव्याची वाफ होते आणि पांढुरके ठिपके उठतात. ते उष्णतेचे वाटतात, पण नसतात. कागद सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवा, छापल्यावर हेअर ड्रायरने सुकवा. मगच्या बुडाच्या कडेला ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) नसल्यामुळे तिथून पाणी शोषलं जातं, म्हणून धुतलेला मग लगेच दाबू नका.

हीट टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) कागद ताणून चिकटवा. मग यंत्रातून बाहेर आल्याबरोबर कागद एका झटक्यात काढा, नाहीतर दुहेरी सावली उमटते. गरम मग गार पाण्यात बुडवू नका, तडकतो.

एवढं झाल्यावरच आकड्यांना हात लावा. 180 अंश आणि 180 सेकंदांपासून सुरुवात करा. तापमान तेच ठेवून दर चाचणीला फक्त वेळ 15 सेकंदांनी बदला, आणि प्रत्येक मगच्या बुडावर तो आकडा मार्करने लिहून ठेवा.