टॅलीतून बिलाचा ईमेल जात नाही?

पासवर्ड शंभर टक्के बरोबर, तरी टॅली (हिशेब आणि बिलांचं सॉफ्टवेअर) ‘लॉगिन फेल’ म्हणत असेल तर जीमेलचा नेहमीचा पासवर्ड टाकणं थांबवा. 2022 च्या मे अखेरीपासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी तो रस्ताच बंद केलाय. आता ‘ॲप पासवर्ड’ लागतो, म्हणजे टॅलीसारख्या ॲपसाठी गूगलने बनवून दिलेला वेगळा पासवर्ड.

आधी गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) चालू करा. त्याशिवाय ॲप पासवर्डचा पर्याय दिसतच नाही. मग नवा ॲप पासवर्ड बनवा. 16 अक्षरं येतात, चार-चारच्या गटात. मधल्या जागा सोडून सलग टाका. तो पुन्हा दिसत नाही, म्हणून लगेच टॅलीच्या पासवर्डच्या जागी पेस्ट करा. मॉनिटरला चिठ्ठी चिकटवू नका, एवढं कराच!

टॅलीच्या ईमेल सेटिंगमध्ये सर्व्हर ‘एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम’. ईमेल सुरक्षित पाठवायच्या दोन पद्धती: एसएसएलसाठी पोर्ट (जोडणीचा क्रमांक) 465, स्टार्ट-टीएलएससाठी 587. यांची अदलाबदल झाली की अडकलंच, निम्म्या तक्रारी माझ्या मते इथल्याच.

पहिलं बिल पार्टीला नको, स्वतःलाच पाठवा. पीडीएफ उघडून बघा, स्पॅमही बघा.

आणि हो, गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की ॲप पासवर्ड रद्द होतात. नवा बनवून टॅलीत टाकावा लागतो. हे नेमकं जीएसटी रिटर्नच्या आदल्या रात्री कळतं.