प्री-मेडचे ‘चान्सेस’ विचारण्याआधी या चुका टाळा

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी फराळाच्या रांगेत उभी असते आणि मागून खांद्यावर थाप पडते. “काकू, याचं जरा बघा ना. जीपीए ३.९७ आहे, एसएटी १५४०, डॉक्टर व्हायचंय. हार्वर्डचे चान्सेस किती?” (जीपीए म्हणजे चारपैकी ग्रेडची सरासरी, एसएटी म्हणजे १६०० मार्कांची कॉलेज-प्रवेशाची परीक्षा.) शेजारी अकरावीतला मुलगा चकलीच्या ताटाकडे बघत उभा असतो. दरवर्षी मुलगा बदलतो, प्रश्न तोच.

न्यू जर्सीत बरीच वर्षं मंडळातल्या मुलांचे निबंध आणि अर्ज वाचतेय. फुकट, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पेन्सिल घेऊन. माझी दोन्ही मुलं याच चरकातून गेली. लेक प्री-मेड म्हणून, म्हणजे पुढे मेडिकल स्कूलला जायच्या तयारीने, कॉलेजात गेली आणि सार्वजनिक आरोग्याकडे वळली. धाकटा दुसऱ्या प्रयत्नात मेडिकल स्कूलला लागला. म्हणजे खालच्या चुकांपैकी काही मी स्वतः निगुतीने केलेल्या आहेत.

हार्वर्डचं उत्तर आधी देऊन टाकते. २०२४ साली दाखल झालेल्या वर्गासाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. ३.६ टक्के. ३.९७ आणि १५४० वाली मुलं त्या ढिगात हजारोंनी होती. हा टक्का तुमच्या मुलाचा नाही, कॉलेजचा आहे. त्यावरून तुमच्या घरातलं काहीच कळत नाही, आणि फोनवरची ती चान्स सांगणारी कॅल्क्युलेटरं याहून जास्त काही करत नाहीत.

कॉलेजच्या नावाला डॉक्टरकीचं तिकीट समजणं

बहुतेक कॉलेजांत प्री-मेड नावाची पदवीच नसते. जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, त्यांच्या लॅब आणि थोडं इंग्रजी, एवढी विषयांची यादी म्हणजे प्री-मेड. पदवी इतिहासात घेतली तरी चालते. खरी गाळणी चार वर्षांनी, पदवी झाल्यावर मेडिकल स्कूलच्या दाराशी लागते. २०२४-२५ च्या फेरीत मेडिकल स्कूलसाठी सुमारे ५२,००० जणांनी अर्ज केले, साधारण २३,००० आत गेले. आत गेलेल्यांचा सरासरी जीपीए ३.७९ आणि एमकॅट, म्हणजे मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा, ५११.८ होता. एमकॅट ४७२ ते ५२८ मध्ये मोजतात, म्हणजे ५०० हा मध्य.

आता आपला हुशार मुलगा अशा ठिकाणी टाकून बघा, जिथे ऑरगॅनिकच्या वर्गातली सगळीच आपापल्या शाळेतली पहिली आलेली आहेत आणि मार्क कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, लागतात. कोणाला तरी बी मायनस मिळणारच. नामांकित कॉलेजचा ३.४ आणि स्टेट युनिव्हर्सिटीचा ३.८५ समोर ठेवले, तर ३.४ वाल्याला बरंच काही समजावून सांगावं लागतं. नावाचा उपयोगच नाही असं मी म्हणणार नाही. चांगल्या प्रयोगशाळा, शेजारी मोठं हॉस्पिटल, ओळखीने शिफारसपत्र देणारे प्राध्यापक, हे मोठ्या नावाच्या जागी मिळू शकतं. पण ते तिथे खरंच मिळतं का हे विचारा. टूरवर कॅफेटेरिया बघून घरी येऊ नका.

आणि टूरवरचा तो गाइड “आमच्या प्री-मेडपैकी नव्वद टक्के मुलं लागतात” असं म्हणाला, की मी दोन प्रश्न विचारायला सांगते. पहिल्या वर्षी किती जण प्री-मेड होते? आणि कमिटी लेटर, म्हणजे मेडिकल स्कूलसाठी कॉलेजचं स्वतःचं शिफारसपत्र, सगळ्यांना देता की निवडक मुलांना? काही कॉलेजं कमकुवत मुलांना पत्रच देत नाहीत, ती मुलं अर्ज करत नाहीत, आणि मग उरलेल्यांचे नव्वद टक्के होतात. गाळलेल्या पिठाच्या भाकरीचं कौतुक कसलं?

अकरावीआधीच कॉलेजचे विषय उरकण्याची घाई

ही चूक माझी. धाकटा दहावीतून अकरावीत जाताना उन्हाळ्यात त्याला कम्युनिटी कॉलेजात बायोलॉजीला बसवलं. सहा आठवड्यांचा कोर्स, चार क्रेडिट, लॅबसकट. गल्लीतली सगळी मुलं घेत होती, मग आपला का मागे? त्यात मधेच पुण्याला चुलत दिराच्या मुलीचं लग्न निघालं. दहा दिवस. सहा आठवड्यांच्या कोर्समधले दहा दिवस म्हणजे किती, हे मी तेव्हा मनाशी मोजलंसुद्धा नाही. हा हळदीला लॅपटॉप घेऊन बसला होता आणि नळदुर्गची आत्या विचारत होती, “याला उष्ण-बिष्ण झालंय का?” तीन लॅब बुडाल्या. सी प्लस आला. हायस्कूलच्या मार्कांत तो धरत नव्हते, म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

सहा वर्षांनी तो ॲमकासचा अर्ज भरायला बसला. मेडिकल स्कूलांचा हा सामाईक अर्ज आयुष्यात घेतलेला प्रत्येक कॉलेज-कोर्स मागतो. हायस्कूलमध्ये असताना घेतलेलासुद्धा. त्या कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट वेगळी मागवावी लागते, आणि जीपीएच्या तक्त्यात हायस्कूलच्या वर्षांची वेगळी ओळ येते. पुन्हा तोच विषय घेऊन ए मिळवला तरी जुना ग्रेड पुसत नाहीत, दोन्ही धरतात. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए ते वेगळा काढतात. त्याची त्या विषयांची ४८ क्रेडिट होती ३.८५ ने. ती चार क्रेडिट २.३ ने त्यात पडली आणि आकडा ३.७३ झाला. रात्री साडेबाराला तो खालून वर आला आणि म्हणाला, “आई, ते पुण्याचं लग्न आठवतंय?”

पहिल्या वर्षी त्याला कुठेच मिळालं नाही. त्या सी प्लसमुळेच, असं मी म्हणणार नाही, अर्जही उशिरा गेला होता. पण एका उन्हाळ्याच्या घाईपायी ०.१२ घालवले, आणि मिळवलं काय, तर कॉलेजच्या अर्जावर एक ओळ.

माझा इलाज साधा आहे. कॉलेजचा कोर्स घ्यायचाच असेल तर त्या उन्हाळ्यात भारताचं तिकीट काढायचं नाही. आणि पहिल्या दिवशी कोर्समधून नाव काढून घेण्याची शेवटची तारीख बघून फ्रिजवर लाल पेनाने लिहायची. त्या तारखेला मार्क बरे नसतील तर बाहेर. ट्रान्सक्रिप्टवर एक डब्ल्यू (कोर्स सोडल्याची खूण) दिसला तर एखादा प्रश्न येईल, सी दिसला तर आकडाच खाली जातो.

मामांच्या हॉस्पिटलातले टाके

आपल्या लोकांची ही खास चूक. प्रत्येकाचा कोणीतरी मामा, काका, आतेभाऊ डॉक्टर असतोच. मुलगा उन्हाळ्यात तीन आठवडे तिकडे जातो, एप्रन घालून फोटो काढतो आणि परत येऊन ‘क्लिनिकल अनुभव’ म्हणून लिहितो.

एक मुलगा असा निबंध घेऊन आला होता. सांगलीकडचं लहान गाव, मामांचं दहा खाटांचं हॉस्पिटल. शेतात विळा लागून आलेल्या बाईच्या हाताला शेवटचे दोन टाके मामांनी याला घालायला दिले. “माझे हात थरथरले नाहीत,” असं वाक्य होतं, अधोरेखित. आई कौतुकाने माझ्याकडे बघत होती.

मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, “त्या बाईंना माहीत होतं का रे, तू कोण आहेस?” तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “त्या मला डॉक्टरसाहेब म्हणाल्या.”

परवाना नाही, प्रशिक्षण नाही, रुग्णाला विचारलेलं नाही. इथे न्यू जर्सीत हे करायला कोणी दिलं असतं का? नाही. मग तिथली बाई गरीब आहे, मामा घरचे आहेत, म्हणून चालतं का? प्रवेश समितीतला माणूस हेच वाचतो. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, एएएमसीने, परदेशात असा अनुभव घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लेखी सूचनाच काढलेल्या आहेत: ज्याचं शिक्षण झालेलं नाही ते रुग्णावर करू नका. तुम्ही मात्र ते करून वर सहीसकट कबुलीजबाब पाठवता.

मी त्याला म्हटलं, ते ‘डॉक्टरसाहेब’ आणि तू गप्प राहिलास, एवढंच लिही. आईला ते काही रुचलं नाही. शेवटी तबल्यावरचा निबंध गेला.

मी काय सांगते? गावातल्या फर्स्ट एड स्क्वाडमध्ये जा. नाहीतर नर्सिंग होममध्ये शनिवारी सकाळी दोन तास, आजोबांना पेपर वाचून दाखवायला. पण दोन वर्षं सलग. एका मुलीने असंच केलं. तिसऱ्या महिन्यात तिला कंटाळा आला, आठव्या महिन्यात ती ज्या आजींशी पत्ते खेळायची त्या गेल्या, आणि पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली. तिला निबंध कसा लिहायचा हे मला सांगावं लागलं नाही. तीन आठवड्यांत हे होत नाही, कितीही मोठे मामा असले तरी.

बाकीच्या, थोडक्यात

अर्ली डिसिजन, म्हणजे कॉलेजला लवकर केलेला अर्ज, बंधनकारक असतं. एकाच कॉलेजला करता येतं, आणि लागलं की जावं लागतं. कॉलेजच्या संकेतस्थळावर तुम्हाला खरा खर्च किती येईल ते सांगणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो भरल्याशिवाय सही करू नका.

‘मला सरळ बीएस-एमडीच हवंय’, म्हणजे पदवी आणि मेडिकल स्कूलचा प्रवेश एकदमच, म्हणणारे: ब्राउन युनिव्हर्सिटीचा पीएलएमई नावाचा आठ वर्षांचा असा कार्यक्रम एमकॅटशिवाय मेडिकल स्कूलपर्यंत नेतो, म्हणूनच तिथे झुंबड असते. करा अर्ज, पण अख्खी यादी तसलीच करू नका. आणि सतराव्या वर्षी ‘का डॉक्टर’ याचं उत्तर ‘बाबा म्हणाले’ असेल तर मुलाखतीत ते लपत नाही.

एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे, क्रेडिट मिळाले म्हणून केमिस्ट्री टाळू नका. काही मेडिकल स्कूल ते मान्य करत नाहीत, काहींना पुढचा कोर्स घेतलेला हवा असतो.

अकरावीच्या उन्हाळ्यात स्थापन झालेली आणि बारावीच्या डिसेंबरात बंद पडलेली सेवासंस्था. आता पुरे.

पैसे भरून छापून आणलेला शोधनिबंध. याहून कमी शब्दांत सांगता येत नाही.

टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या नशिबाची किंमत ओळखावी. तिथल्या सरकारी मेडिकल स्कूलांत कायद्याने सुमारे ९० टक्के जागा राज्यातल्या मुलांना जातात. मला दरवर्षी कोणीतरी विचारतं, कॉलेजसाठी तिथून बाहेर पडू का. मी उलट विचारते, कशासाठी?

ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते

मूल एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल आणि ग्रीन कार्डची रांग हलत नसेल, तर चान्सेसचं गणित आधी व्हिसावर करा. २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो. मग सहसा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा, म्हणजे कागदोपत्री परदेशी विद्यार्थी, भले तो तीन वर्षांचा असल्यापासून एडिसनमध्ये वाढलेला असो. कित्येक मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत, आणि घेणाऱ्यांपैकी काही जण फीची रक्कम आगाऊ बाजूला ठेवायला लावतात. सरकारी कर्ज नाही. हे मी दोन घरांत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी सांगितलं आहे, आणि ते सांगण्याची वेळ ती नव्हती. नववीत वकिलाकडे जा. निबंधाचं नंतर बघू.

नागरिक असाल तरी पैशाचं नीट बघा. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद केलं, आणि मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर ठेवली. म्हणजे पदवीच्या चार वर्षांत सगळी बचत एखाद्या मोठ्या नावावर उधळली, तर पुढच्या चार वर्षांना काय, हा प्रश्न आता आणखी बोचरा आहे.

हां, आणि निबंध मला दाखवायचे असतील तर १५ ऑक्टोबरपर्यंत आणा, कागदावर छापून. १ नोव्हेंबरची मुदत आहे म्हणून त्याच रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर ‘काकू, फक्त एक नजर’ असं पाठवलंत, तर मी तो सकाळी चहा घेताना उघडते. तोपर्यंत मुदत संपलेली असते. गेल्या वर्षी असे चार आले.