गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांसाठी शहर निवडताना

बेळगावहून दोन दिवसांसाठी निघायचं तर पहिली पसंती कोल्हापूर. महामार्गानं साधारण ११० किलोमीटर, दोन-अडीच तास. रंकाळ्याच्या काठानं सपाट फिरता येतं. अंबाबाईच्या दर्शनाला मात्र शुक्रवार आणि सणवार टाळाच, रांगेत उभं राहणं चालण्याहून जड जातं. पणजी जवळ दिसते, पण वाटेतल्या चोर्ला घाटाची वळणं पाठ-कंबरेला सोसत नाहीत.

हुबळीला रेल्वेनं जाणार असाल तर डब्याची जागा आधी पाहून घ्या. तिथला आठ नंबरचा फलाट १,५०७ मीटर लांब आहे! चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवा.

खरी फसगत लॉजवर होते. ‘लिफ्ट आहे’ म्हणतात, पण लिफ्टपर्यंत चार पायऱ्या असतात. फोनवर तीन गोष्टी विचारा: दारापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का, आणि बाथरूमच्या दाराची रुंदी टेपनं मोजून किती. चाकाची खुर्ची साधारण ६५ सेंटिमीटर रुंद असते, बाथरूमचं दार बरेचदा ६०. म्हणजे खुर्ची उंबऱ्याबाहेरच. बाथरूमचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. टाळाटाळ केली तर दुसरं लॉज बघा.