पहिला डीएसएलआर निवडताना: आधी लेन्स, मग कॅमेरा

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्यायचे ठरले की पहिली चौकशी होते ती मेगापिक्सेलची, आणि निवडीच्या दृष्टीने सर्वांत कमी उपयोगाची चौकशीही बहुधा तीच असते. २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात आडवे ६,००० आणि उभे ४,००० बिंदू असतात; इंचाला ३०० बिंदू धरून छापले तर सुमारे २० बाय १३ इंचांचा स्वच्छ छाप मिळतो. १८ मेगापिक्सेलमधून तोच छाप साधारण १७ बाय साडेअकरा इंचांचा होतो. दिवाणखान्याच्या भिंतीला दोन्ही पुरतात, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर दोन्ही गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहेत. छायाचित्र कसे उतरणार हे त्याहून किती तरी अधिक प्रमाणात पुढे बसवलेल्या लेन्सवर ठरते. म्हणून येथे निवडीचा क्रम नेहमीपेक्षा उलटा ठेवला आहे: आधी विषय, मग लेन्स आणि शेवटी कॅमेऱ्याची बॉडी.

आज डीएसएलआर घ्यावा का?

हा प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्यांचे सारे लक्ष आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे आहे. त्यामुळे नवशिक्यासाठी डीएसएलआर घेणे याचा अर्थ एक तर दुकानात उरलेले जुने मॉडेल घेणे किंवा वापरलेला कॅमेरा घेणे. यात तोटा आहे तसा फायदाही आहे. वापरलेल्या लेन्स मुबलक आणि स्वस्त मिळतात, बॅटरी दिवसभर टिकते आणि आरशातून थेट डोळ्यापर्यंत आलेले दृश्य पाहण्यात जे समाधान असते ते छोट्या पडद्यावर मिळत नाही. पुढे मागे त्याच कंपनीचा मिररलेस कॅमेरा घेतला, तर कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस, म्हणजे डीएसएलआरसाठीच्या, लेन्स अडॅप्टर (मधली जोडकडी) लावून नव्या कॅमेऱ्यावर चालतात. निकॉनच्या एएफ-एस, म्हणजे फोकसची मोटर आत असलेल्या, लेन्सही एफटीझेड नावाच्या अडॅप्टरवर स्वयंचलित फोकससह चालतात. लेन्सवर घातलेले पैसे वाया जात नाहीत, हे आधी लेन्सचा विचार करण्याचे आणखी एक कारण.

मात्र ज्यांना प्रामुख्याने व्हिडिओ करायचे आहेत त्यांनी या वाटेला जाऊ नये. व्हिडिओ घेताना आरसा वर उचललेला राहतो, डोळ्याची खिडकी बंद होते आणि स्वस्त डीएसएलआरचा फोकस चाचपडू लागतो.

विषय ठरवा, लेन्स आपोआप ठरेल

एक वही घ्या आणि गेल्या वर्षभरात आपण फोनवर काढलेल्या छायाचित्रांपैकी कोणती छायाचित्रे मनासारखी आली नाहीत, ते लिहून काढा. ही यादी कोणत्याही जाहिरातीपेक्षा चांगला सल्ला देते. बहुतेकांच्या यादीत तीन गोष्टी सापडतात: घरातली संध्याकाळची, दिव्यांच्या उजेडातली माणसे, दूरचे पक्षी किंवा मैदानावर धावणारी मुले, आणि प्रवासातली दृश्ये.

कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स मिळते; तिलाच किट लेन्स म्हणतात. मिलिमीटरचा आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते आणि चौकटीत मावते कमी. प्रवासातली दृश्ये, वाडे, देवळे, किल्ले यांसाठी ती पुरेशी चांगली आहे आणि तिला नावे ठेवण्याची जी पद्धत पडली आहे ती अन्यायाची आहे. साधारण पाव मीटरवरच्या वस्तूवरही ती फोकस करते, त्यामुळे कासच्या पठारावर गुडघे टेकून रानफुले टिपायची असतील तर पहिल्या वर्षी वेगळी लेन्स लागत नाही. तिची खरी अडचण उजेडाची आहे. ५५ मिलिमीटरवर तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा मोठे उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). त्याच ठिकाणी ५० मिलिमीटर एफ/१.८ ही बिनझूमची लेन्स लावली तर सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, जवळजवळ दहापट उजेड पडतो. म्हणजे जिथे किट लेन्सला एक दशांश सेकंद शटर उघडे ठेवावे लागते आणि हलणारे मूल धूसर उमटते, तिथे या लेन्सला एक शतांश सेकंद पुरतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरता येत नाही. तिथे भिंतीसमोर उभे राहिल्यावर हा दहापटीचा फरक डोळ्यांना दिसतो.

परंतु ५० मिलिमीटरची लेन्स घेण्याआधी घरात पट्टी लावून मोजणी करावी. प्राथमिक डीएसएलआरचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. कॅननमध्ये त्याची रुंदी सुमारे २२ मिलिमीटर असते. हिशेब असा की सहा माणसे एका रांगेत उभी केली आणि ती रांग अडीच मीटर रुंद झाली, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सने ती सगळी चौकटीत बसवायला छायाचित्रकाराला साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट मागे सरकावे लागते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये अठरा फूट मागे सरकले की माणूस शेजाऱ्यांच्या दारात पोहोचतो. २४ मिलिमीटरच्या लेन्सने तेच काम नऊ फुटांत होते. म्हणून मंगळागौर, बारसे, वाढदिवस असे घरगुती प्रसंग टिपायचे असतील तर कॅननची २४ मिलिमीटर एफ/२.८ किंवा निकॉनची ३५ मिलिमीटर एफ/१.८ अधिक कामाची, आणि एकाच माणसाचा चेहरा मागची गर्दी पुसून दाखवायचा असेल तर ५० मिलिमीटर उत्तम.

भिगवणचे रोहित पक्षी मनात असतील तर गणित बदलते. ५५-२५० मिलिमीटरची लेन्स सुरुवातीला ठीक आहे, कारण लहान सेन्सरमुळे तिची पोहोच कॅननवर ४०० मिलिमीटरसारखी भासते. तरीही पक्षी चौकटीत लहानच राहील, हे गृहीत धरून होडीत बसावे.

लेन्सवरची दोन अक्षरे जरूर वाचावीत. कॅननवर आयएस आणि निकॉनवर व्हीआर असे लिहिलेले असेल तर हाताचा कंप कमी करणारी सोय आत आहे. दिसायला तंतोतंत सारख्या १८-५५ लेन्स या सोयीविनाही मिळतात आणि घाईत हातात पडतात. ही सोय हाताचा कंप सावरते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही.

बॉडी कोणती?

एकूण रकमेचा निम्म्याहून थोडा अधिक भाग बॉडीवर आणि बाकीचा दुसरी लेन्स, कार्ड व जादा बॅटरी यांवर असा माझा साधा नियम आहे. सारी रक्कम महागड्या बॉडीवर घालून वर्षानुवर्षे किट लेन्सवर अडकून पडलेले हौशी छायाचित्रकार मी बरेच पाहिले आहेत.

कॅननमध्ये २०१८ सालचे १५००डी हे नवशिक्याचे नेहमीचे मॉडेल आहे: २४ मेगापिक्सेल, फोकसचे नऊ बिंदू, सेकंदाला तीन छायाचित्रे. शिकायला ते पुरेसे आहे. त्याचे स्वस्त भावंड ३०००डी मात्र मी सुचवणार नाही. त्याची लेन्स बसवण्याची कडी प्लास्टिकची आहे आणि चष्म्याच्या नंबरानुसार खिडकी जुळवण्याची चकतीही त्यात नाही. वाचलेले पैसे या काटछाटीच्या मानाने थोडे आहेत. हात थोडा सैल सोडता येत असेल तर २०१९ सालचे २०० डी मार्क टू घ्यावे. त्याचा पडदा बाहेर काढून फिरवता येतो, पडद्यावर पाहून छायाचित्र घेतानाही फोकस झटपट लागतो आणि वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आहे. एक खोच लक्षात ठेवावी: त्याच्या माथ्यावर बाहेरचा फ्लॅश बसवण्याची जी खाच (हॉट शू) असते तिच्यात मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे केवळ त्याच बिंदूवर चालणारे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत.

निकॉनचा डी३५०० हाही २०१८ सालचा. त्याचे उत्पादन थांबले आहे, पण वापरलेला मिळाला तर जरूर पाहावा. एका चार्जमध्ये १,५५० छायाचित्रे असा त्याचा प्रमाणित आकडा आहे आणि पकड लहान अंगकाठीच्या मानाने खोल आहे. डी५६०० मध्ये फोकसचे बिंदू अकराऐवजी ३९ मिळतात आणि पडदाही फिरतो. निकॉनच्या या दोन्ही मालिकांमध्ये फोकसची मोटर बॉडीत नाही, ती लेन्समध्ये असावी लागते. नेमके हेच न सांगता ५० मिलिमीटर एफ/१.८डी ही जुनी स्वस्त लेन्स गळ्यात मारली जाते आणि घरी आल्यावर फोकस हाताने फिरवत बसावे लागते. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तरच घ्यावी. एएफ-पी ही नवी जात डी३५०० आणि डी५६०० वर चालते, पण काही जुन्या निकॉन बॉडींवर चालत नाही, हेही ध्यानात असावे.

कंपनी कोणती, यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही. घरात किंवा जवळच्या मित्राकडे ज्या कंपनीच्या लेन्स असतील ती कंपनी घ्यावी. उसन्या लेन्सइतकी चांगली शाळा नाही.

हातात धरून पाहणे

दुकानात कॅमेरा गळ्यात अडकवून निदान दहा मिनिटे वावरावे. उजव्या हाताची करंगळी खाली लोंबकळते का, अंगठा चकतीपर्यंत न ताणता पोहोचतो का, हे पाहावे. नंतर डोळा खिडकीला लावून समोरच्या पाटीची चारही टोके चौकटीत नेमकी बसवावी, छायाचित्र घ्यावे आणि पडद्यावर तपासावे. टोकांच्या बाहेरही थोडे जास्तीचे उमटलेले दिसेल. या वर्गातल्या कॅमेऱ्यांची खिडकी उंची आणि रुंदी दोन्हींत ९५ टक्केच दृश्य दाखवते, म्हणजे क्षेत्रफळाचा दहावा हिस्सा डोळ्याआड राहतो. कोपऱ्यातला विजेचा खांब किंवा कचऱ्याचा डबा नंतर छायाचित्रात डोकावतो तो याच दहाव्या हिश्श्यातून. हा दोष नाही, पण ठाऊक असलेला बरा.

वापरलेला कॅमेरा तपासताना

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने ओळीने आहेत आणि तिथे वापरलेला मालही भरपूर मिळतो. कुठेही घेतला तरी दिवसाउजेडी घ्यावा आणि खिशात लहान बॅटरी, म्हणजे टॉर्च, आणि स्वतःचे कार्ड असावे.

आधी लेन्स बॉडीपासून सोडवावी, तिचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून मागून टॉर्चचा उजेड पाडावा आणि पुढून तिरके पाहावे. धुळीचे चार कण दिसले तर चिंता नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि किंमत कितीही खाली आली तरी ती लेन्स परत ठेवावी. मी स्वतः एक ५० मिलिमीटरची लेन्स ट्यूबलाइटच्या उजेडात, घासाघीस जिंकल्याच्या आनंदात घेतली होती; घरी खिडकीशी धरल्यावर कडेला पांढरे तंतू स्पष्ट दिसले, आणि सफाईचा खर्च मी वाचवलेल्या रकमेच्या दुप्पट निघाला. त्यानंतर टॉर्चशिवाय मी लेन्स पाहिलेली नाही.

मग लेन्स बसवून छिद्र एफ/१६ वर आणावे आणि मोकळ्या आकाशाचे किंवा पांढऱ्या भिंतीचे, फोकस मुद्दाम बिघडवून, एक छायाचित्र घ्यावे. सेन्सरवरची धूळ त्यात करड्या ठिपक्यांसारखी उमटते. ठिपके फुंकणीच्या हवेने जातात. ओरखडा असेल तर तो जात नाही. शटर किती वेळा चालले आहे तेही विचारावे. निकॉनच्या छायाचित्राच्या फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो आणि फुकटच्या सॉफ्टवेअरने वाचता येतो. कॅननच्या बहुतेक प्राथमिक मॉडेलांत तो फाइलमध्ये सापडत नाही, तिथे बॉडीची झीज पाहून अंदाज बांधावा लागतो. डी३५०० चे शटर एक लाख वेळांसाठी तपासलेले आहे, तेव्हा पंधरा-वीस हजारांचा आकडा घाबरण्यासारखा नाही, ऐंशी हजारांचा आहे. लग्नाच्या हंगामात भाड्याने फिरलेला कॅमेरा पकडीवरच्या गुळगुळीत, सुटत आलेल्या रबरावरून ओळखू येतो.

नवा घेत असाल तर भारतातील वॉरंटीचे कार्ड, बिलावरचा आणि बॉडीच्या तळावरचा क्रमांक एकच आहे ना, एवढे पाहावे. खोक्याबरोबर मोफत म्हणून मिळणाऱ्या डुगडुगत्या तिपाईला आणि फिल्टरला भुलू नये. त्याऐवजी तेवढी सूट मागावी.

घरी आणल्यानंतर

३२ जीबीचे चांगल्या प्रतीचे कार्ड, जादा बॅटरी आणि रबरी फुंकणी एवढेच आरंभी लागते. रॉ, म्हणजे सेन्सरवरची कच्ची नोंद तशीच ठेवणाऱ्या, स्वरूपाची एक फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असल्याने या कार्डावर अशी हजारएक छायाचित्रे मावतात. परत करण्याची मुदत असेल तर तिच्या आत भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवून सर्व लेन्सनी ते टिपावे. एका बाजूची अक्षरे दुसऱ्या बाजूपेक्षा सतत पुसट येत असतील तर आधी कॅमेरा भिंतीला काटकोनात होता का ते पाहावे आणि असल्यास लेन्स बदलून मागावी.

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याची तजवीज खरेदीच्याच दिवशी करावी. कापडी किंवा चामडी पिशवीत कपाटात ठेवलेली लेन्स जून ते सप्टेंबरात बुरशी धरते. महागडे कोरडे कपाट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा पोह्यांचा डबा चालतो. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि ओलावा दाखवणारे लहान मीटर ठेवावे, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असे पाहावे आणि निळे दाणे गुलाबी पडले की पुडीतून काढून, स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परतून घ्यावे.