ट्रान्सफॉर्मर परदेशी पाठवताना

तेल काढून, टाकीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून आणि इम्पॅक्ट रेकॉर्डर (वाटेत बसणारे धक्के नोंदवणारे यंत्र) बसवूनच मोठा ट्रान्सफॉर्मर कारखान्याबाहेर काढावा. खरी कसोटी रस्त्यावर लागते: वजन व गुरुत्वमध्य दाखवणारा आराखडा हाती आल्याखेरीज हायड्रॉलिक ट्रेलर (अवजड माल वाहणारा अनेक चाकांचा ट्रेलर) ठरवू नये, आणि नाशिकहून न्हावा शेवा बंदराकडे जायचे असल्यास कसारा घाटातील वळणे, पुलांची क्षमता व लोंबत्या वीजतारांची उंची प्रत्यक्ष पाहणी करून नोंदवल्यावरच परवान्यासाठी अर्ज करावा. (मोबाइलवरच्या नकाशात तारा दिसत नाहीत.) बंदरात ४० फुटी फ्लॅट रॅकवर (छत व बाजूच्या भिंती नसलेल्या कंटेनरवर) माल बसत नसेल, तर ब्रेकबल्क जहाज, म्हणजे कंटेनरविना सुटा माल नेणारे जहाज, पाहावे, लॅशिंगच्या, म्हणजे माल जखडण्याच्या, साखळ्या मात्र आराखड्यात दाखवलेल्या कड्यांतच अडकवाव्यात. विमानाचा विचार अगदीच नड असेल तर करावा, कारण अँतोनोव्ह १२४ सारख्या अजस्र विमानाच्या पोटाची उंचीही सुमारे ४.४ मीटरच असते.