ग्रुयेरला जाताय? आधी स्टेशनजवळ थांबा

स्वित्झर्लंडमधलं ग्रुयेर गाव टेकडीवर आहे आणि स्टेशन खाली, त्यामुळे उतरल्या उतरल्या चढ चढायची घाई करू नका, स्टेशनसमोरच चीजची डेअरी आहे, तिथे तांब्याच्या मोठ्या कढयांमध्ये चीज बनताना आधी बघून घ्या. मग वर किल्ला. इथला शेवटचा काउंट (म्हणजे सरदार) मिशेल कर्जात इतका बुडाला की 1554 मध्ये दिवाळं निघालं आणि सावकारांनी, म्हणजे फ्रिबुर्ग आणि बर्न या शहरांनी, जहागीर वाटून घेतली! किल्ल्याखालीच ‘एलियन’ सिनेमातला राक्षसी प्राणी डिझाइन करणारा स्विस चित्रकार एच. आर. गिगर याचं म्युझियम आहे, जाम भीतीदायक, लहान मुलं असतील तर सरळ स्किप करा. समोरच्या त्याच्या बारचं छत तर मणक्यांच्या हाडांसारखं आहे. मेरिंग (अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत गोड पदार्थ) आणि डबल क्रीम मात्र सोडू नका, साय इतकी घट्ट की चमचा उभा राहील.